खरं आहे, म्हणून पाठवलं

३ मार्च २०२५ च्या संध्याकाळी बीड जिल्ह्यात ज्याच्या ज्याच्या हातात फोन होता, त्याच्याकडे ते फोटो येऊन पडले. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे. ९ डिसेंबर २०२४ ला त्यांचं अपहरण करून खून झाला होता. पवनचक्कीच्या कंपनीकडे खंडणी मागितली जात होती, तिच्या आड ते आले म्हणून त्यांना मारलं, असं सीआयडीच्या आरोपपत्रात म्हटलं आहे. त्या आरोपपत्रासोबतचे फोटो आधी टीव्हीवर आले, मग ग्रुपवर, मग स्टेटसला. दुसऱ्या दिवशी बीड बंद होतं आणि मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा झाला. या प्रकरणातले आरोपी वाल्मीक कराड हे त्यांचे निकटवर्तीय म्हणून ओळखले जात. राजीनाम्याची कारणं सांगताना मुंडे यांनी तब्येतीचा उल्लेख केला, आणि त्या फोटोंचाही केला.

त्या फोटोंत काय होतं ते इथे लिहिणार नाही. ज्यांनी पाहिले त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांचं काही अडलेलं नाही. त्यांच्या घरच्यांबद्दलही इथे काही येणार नाही. प्रश्न आपला आहे, पाठवणाऱ्यांचा. तो फोटो पुढे पाठवणं बरोबर होतं का?

हा प्रश्न विचारला की लगेच उत्तर येतं, ‘अरे, फोटो खरे होते ना.’ आणि ते होतेच. इथेच अडचण सुरू होते.

आपल्या पिढीला फोनवरच्या नैतिकतेचा एकच धडा नीट शिकवला गेलाय. पाठवण्याआधी खात्री कर, खरं आहे का बघ. हा धडा महाराष्ट्रात फार महाग पडला. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या आठवड्यांत सगळीकडे फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पुढे २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. २०२० मध्ये, जो मेसेज आधीच खूप हातांतून गेलाय, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. फॉरवर्डच्या वर दोन बाण दिसतात ना, ते त्याच्या आदल्या वर्षापासूनचे घरातले पाहुणे आहेत.

त्यानंतर पोलिसांनी, वर्तमानपत्रांनी, शाळेतल्या सरांनी, सगळ्यांनी एकच विचारायला शिकवलं, खरं की खोटं? प्रश्न चांगलाच आहे. पण तो खोट्यासाठी तयार केलेला प्रश्न आहे. खोटी गोष्ट समोर आली की तो उपयोगी पडतो. खरी गोष्ट समोर आली की ‘हो, खरं आहे’ एवढं बोलून गप्प बसतो, आणि आपल्याला वाटतं परवानगी मिळाली. मस्साजोगचे फोटो प्रत्येक चाळणीतून पार झाले. न्यायालयात दाखल झालेले, तपास यंत्रणेने मिळवलेले. एडिट नाही, जुने नाहीत, दुसऱ्या राज्यातले नाहीत. खात्री झाली. पुढे काय?

खरं असणं पुरेसं नसतं, हे समजायला पालीसारखं गाव बरं. बीडहून सोलापूरच्या दिशेला निघालं की महामार्गावर पाली लागतं. बिंदुसरा तलाव तिथलाच. याच पालीत ‘इन्फंट इंडिया’ आहे. दत्ता बारगजे आणि संध्या बारगजे यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी उभं केलेलं घर. आता समजा, अशा एखाद्या संस्थेत तुम्ही गेलात. वाढदिवस असेल, वह्या-पेन द्यायचे असतील, मन भरून आलं असेल. मुलांसोबत फोटो काढला, खाली दोन ओळी लिहिल्या, संस्थेचं नाव टाकलं आणि स्टेटसला लावला. यातला एकही शब्द खोटा नाही. हेतूसुद्धा स्वच्छ. पण त्या फोटोतला दहा वर्षांचा मुलगा अठरा वर्षांचा होईल, पुण्यात खोली भाड्याने घ्यायला जाईल, नोकरीच्या मुलाखतीला बसेल, कुणाला आवडेल. तुम्ही त्याच्याबद्दल एक खरी गोष्ट जगाला सांगून टाकली आहे. ती कुणाला सांगायची, कधी सांगायची, की सांगायचीच नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं होतं. तो हक्क तुम्ही वाढदिवसाच्या केकसोबत खाऊन टाकलात. एचआयव्हीबद्दलची माहिती माणसाच्या संमतीशिवाय उघड करण्यावर २०१७ च्या कायद्याने बंधन आहे. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख, फोटोसकट, माध्यमात उघड करायला बाल न्याय कायदा मनाई करतो. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की खोट्याइतकाच खऱ्यानेही माणूस मरतो. चांगुलपणाच्या स्टेटसवाल्यांना ते अजून समजायचं आहे.

म्हणजे ‘खरं आहे का’ नंतर दुसरा एक प्रश्न असतो. ही गोष्ट सांगायचा हक्क कुणाचा?

एवढ्यावर थांबलो तर काम सोपं झालं असतं. संतोष देशमुख यांच्या फोटोंवर त्यांचा स्वतःचा हक्क, त्यांच्यानंतर घरच्यांचा, बाकीच्यांनी हात लावू नये. पाठवणाऱ्या बहुतेकांनी कुणाला विचारलं नव्हतं, विचारायची सोयही नव्हती. विषय संपला.

पण विषय संपत नाही, कारण फोटोंनी काम केलं. ९ डिसेंबर ते ३ मार्च या काळात मोर्चे निघाले, विधिमंडळात भाषणं झाली, मोक्का लागला, तरी मुंबईत मंत्र्याची खुर्ची जागेवर होती. फोटो आले आणि एका रात्रीत ती गेली. तीन महिने शब्दांनी जे झालं नाही ते चित्रांनी केलं. आता कुणी बीडच्या पोराला म्हणेल की, ‘तू पाठवायला नको होतंस, मृताचा सन्मान वगैरे’, तर तो पोरगा विचारणारच, ‘सन्मान सांभाळत बसलो असतो तर काय झालं असतं, दादा?’ याला सहजासहजी उत्तर देता येत नाही. जे लोक पुण्या-मुंबईत बसून सहज देतात, त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

हा प्रश्न बीडच्या आधीही लोकांपुढे आला आहे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मिसिसिपी राज्यात एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या माणसांनी मारलं. प्रेत शिकागोला आलं. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, ठरवलं की शवपेटी उघडी ठेवायची. माझ्या मुलाचं काय केलंय ते जगाने बघू दे. हजारो लोक येऊन बघून गेले. ‘जेट’ या काळ्या वाचकांच्या मासिकाने फोटो छापला. आरोपी सुटले. सगळेच्या सगळे गोरे असलेल्या ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवलं. पण त्या फोटोने एक अख्खी पिढी रस्त्यावर आणली, असं त्या चळवळीतल्या माणसांनीच पुढे वारंवार सांगितलं. इथे प्रश्न सुटतो, कारण ठरवणारी आई होती. तिने ठरवलं, बाकीच्यांनी पाहिलं.

खैरलांजीत तसं ठरवणारं फार कुणी उरलं नव्हतं. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली, वाचले ते एकटे भैयालाल. पहिले काही आठवडे मोठ्या माध्यमांना या बातमीचं विशेष काही वाटलं नाही. कार्यकर्ते गावात गेले, अहवाल लिहिले, प्रेतांचे फोटो ई-मेल आणि ब्लॉगवरून फिरले. स्मार्टफोन अजून खेड्यात आला नव्हता, सायबर कॅफेत बसून पोरांनी ते पाहिले आणि प्रिंट काढून वाटले. नोव्हेंबरमध्ये नागपूरपासून अमरावतीपर्यंत विदर्भ पेटला, तेव्हा कुठे खैरलांजी हे नाव राज्याला माहीत झालं. त्या फोटोंत मारल्या गेलेल्या बायकांची विटंबनाही दिसत होती. ते दाखवणं म्हणजे विटंबना पुन्हा करणं, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. दाखवलं नसतं तर ‘गावातलं भांडण’ म्हणून फाईल बंद झाली असती, असं म्हणणारेही होते, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. दोन्ही बाजू बरोबर असताना ज्याला काहीतरी करावंच लागतं, त्याच्या वाट्याला काय येतं याची कल्पना लांबून येत नाही.

मस्साजोगच्या फोटोंत मात्र आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर जास्त बोललं गेलं नाही. हे फोटो कुणा पत्रकाराने काढलेले नव्हते, पंचनाम्यातले नव्हते, शोक करणाऱ्या नातेवाइकांनी काढलेले नव्हते. आरोपपत्रानुसार मारणाऱ्यांनीच ते काढले, व्हिडिओ केले, व्हिडिओ कॉल लावला. म्हणजे मारणं आणि दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. बघणारा कुणीतरी पाहिजे होता. कॅमेरा कुठे धरला, केव्हा बटण दाबलं, हे मारणाऱ्याने ठरवलं. आपण तो फोटो उघडतो तेव्हा नेमके त्याच जागी उभे राहतो, जिथे तो उभा होता. आपल्याला हळहळ वाटते, संताप येतो, हे सगळं खरं. पण डोळे त्याचेच असतात, त्या जागेवरून दुसरं काही दिसत नाही. आणि दहशत हा उद्देश असेल, तर ती जितक्या फोनवर पोचेल तितका उद्देश पुरा होतो. ‘आमच्या आड आलात तर असं होतं’ हा निरोप पोचवायला आपण पैसे न घेता पोस्टमन झालो का, असा विचार एकदा तरी मनात यायला हवा.

पोस्टमन हा शब्द उगाच आला नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काळ्या माणसांना झुंडीने मारलं की फोटोग्राफर येत. त्या फोटोंची पोस्टकार्डं छापून विकली जात, लोक नातेवाइकांना खुशाली कळवायला ती वापरत. मागे पत्ता, पुढे लटकणारा माणूस. १९०८ मध्ये ती टपालाने पाठवायला बंदी आली. १९१६ मध्ये टेक्सासमधल्या वेको गावात जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या मुलाला जाळलं गेलं, तेव्हाही फोटो निघाले, कार्डंही विकली गेली. मग एनएएसीपी या संघटनेने तेच फोटो मिळवले आणि ड्यू बॉइस यांनी आपल्या ‘क्रायसिस’ मासिकाच्या पुरवणीत छापले. फोटो तेच, काढणारा तोच, पण आता सोबत तपास होता. घटना कशी घडली, कोणते अधिकारी बघत उभे राहिले, सगळं लिहिलेलं. आणि मागणी होती की झुंडबळीविरुद्ध कायदा करा, त्यासाठी निधी द्या. गावात अभिमानाने विकलेलं कार्ड तिथे आरोपपत्र झालं.

म्हणून ‘मारणाऱ्याने काढलेला फोटो कधीच दाखवू नये’ असा नियम मला मांडता येत नाही. पण त्या पुरवणीतला फोटो आणि आपल्या ग्रुपमधला फोटो यांत फरक आहे. पुरवणीतला फोटो एका वाक्याचा भाग होता. हे झालं, इथे झालं, यांनी केलं, आता तुम्ही हे करा. ग्रुपमधला फोटो एकटाच येतो. वर दोन बाण, खाली तीन इमोजी, त्याच्या आधी शुभ सकाळचं गुलाबाचं फूल आणि नंतर कुणाच्या तरी साखरपुड्याचं आमंत्रण. तो कुणाकडे काही मागत नाही. मागितलंच तर आपल्याकडून आणखी एक फॉरवर्ड मागतो.

खरं म्हणजे फोटोपेक्षा जास्त नासाडी त्याच्या खाली झाली. त्या आठवड्यातल्या कमेंट ज्यांनी वाचल्या असतील त्यांना ठाऊक आहे. दहा-बारा कमेंटच्या आत आडनाव यायचं. मारणाऱ्यांचं आडनाव, मेलेल्याचं आडनाव, कमेंट करणाऱ्याचं आडनाव. मराठा आणि वंजारी या दोन शब्दांत अख्ख्या जिल्ह्याची वाटणी चालली होती, एकाच बाकावर बसून दहावी झालेली पोरं एकमेकांना ब्लॉक करत होती. गोष्ट इतकी पुढे गेली की पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरून आडनाव काढायला लावलं, नुसतं पहिलं नाव ठेवलं. हे ऐकायला कुणाला गमतीचं वाटेल. गाडी अडवणारा पोलीस आपला की परका, हे लोक आधी पट्टी वाचून ठरवायला लागले होते, एवढंच त्यावरून समजून घ्या. एका माणसाच्या खुनाचा फोटो, आणि त्याच्याखाली कुणी खुनाबद्दल बोलत नाही. खंडणी कशी वसूल होते, पवनचक्क्या आल्यावर जमिनीचं, ठेक्यांचं, गाड्यांचं काय झालं, पोलीस ठाण्यात वेळेवर तक्रार का घेतली जात नाही, हे सगळं बाजूला राहिलं. खंडणीला जात नसते, पण ते लिहायला जास्त ओळी लागतात.

आणि मग ‘बीड’ हाच एक विषय झाला. त्या दिवसांपासून बॅटने मारल्याचा व्हिडिओ, काठ्यांनी मारल्याचा व्हिडिओ, बंदूक कमरेला लावून काढलेलं रील, एकामागून एक येत राहिले. बीडचा बिहार झाला, असं म्हणायला लोकांना यमकासारखं बरं वाटतं. बिहारच्या माणसाला ते कसं वाटत असेल हा वेगळा मुद्दा. पुण्यात कंपनीत किंवा कोथरूडला मेसवर ‘गाव कुठलं?’ विचारलं की बीड सांगायच्या आधी एक क्षण थांबणारी पोरं मी पाहिली आहेत. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची ही पोरं, होस्टेलवर राहून शिकलेली. हे व्हिडिओही खरेच होते, एकेकटे. पण पंचवीस खऱ्या व्हिडिओंची माळ केली की जे चित्र तयार होतं ते खरंच राहतं का? त्या माळेत पालीतलं मुलांचं घर येत नाही, आडनाव विसरून मस्साजोगला भेटायला गेलेली माणसं येत नाहीत. आली तरी कोण बघतंय.

यात आणखी एक गोष्ट होती, ती बाहेरच्यांना कळणं अवघड आहे. त्या दिवसांत न पाठवणंही साधं राहिलं नव्हतं. ‘तुझ्या स्टेटसला काहीच नाही?’ असं मित्र विचारायचे. काहीच न लावणारा माणूस म्हणजे तिकडचा. स्टेटस म्हणजे हजेरी झाली होती. तेव्हा कितीतरी जणांनी फोटो लावला तो न्यायासाठी नाही की रागानेही नाही, आपल्याकडे कुणी संशयाने बघू नये म्हणून. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. गावात राहायचं असतं, उद्या त्याच टपरीवर चहा प्यायचा असतो. पण हे लक्षात ठेवलं पाहिजे की अशा वेळी तो फोटो मेलेल्या माणसाबद्दल राहत नाही. तो लावणाऱ्याबद्दल होतो. मेलेला माणूस दुसऱ्यांदा वापरला जातो, आधी दहशत दाखवायला, मग निष्ठा दाखवायला.

मग करायचं काय? मला असं वाटतं की, ‘खरं आहे का’ आणि ‘कुणाच्या हक्काचं आहे’ या दोन प्रश्नांनंतर तिसरा विचारावा लागतो. मी हे कुणाला पाठवतोय आणि त्याने काय करावं म्हणून? आमदाराला, अधिकाऱ्याला, पत्रकाराला टॅग करून ‘याचं काय केलं?’ असं विचारणारा माणूस आणि चुलत भावांच्या ग्रुपवर ‘बघा रे’ म्हणून टाकणारा माणूस, दोघांनी एकच फोटो पाठवला असेल, पण दोघांनी एकच गोष्ट केलेली नाही. पहिला साक्ष देतोय. साक्ष नेहमी कुणासमोर तरी दिली जाते, ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. चुलत भावांच्या हातात फक्त दुसरा ग्रुप असतो. ३ मार्चच्या रात्री जे राजकीय काम व्हायचं होतं ते फोटो टीव्हीवर आले, विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होतं, लोक रस्त्यावर उतरले तेव्हाच बऱ्याच अंशी झालं होतं. त्यानंतर आठवडाभर, महिनाभर, पुढे कधीही, तो फोटो जे फिरत राहिला त्यातून कुणाकडे काय मागितलं गेलं, ते मला सापडत नाही.

यावर म्हणता येईल की, बाबा, राग जिवंत ठेवावा लागतो. मान्य. पण राग फोटोने जिवंत राहतो का, याची मला शंका आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात थरथरले असतील. पाचव्यांदा अंगठ्याने वर सरकवलं असेल. हे आपण निर्दयी आहोत म्हणून होत नाही, डोळ्याचा धर्मच तसा आहे. राग टिकतो तो कंटाळवाण्या गोष्टींवर. खटला बीडच्या विशेष न्यायालयात आहे. मोक्काखाली आहे. तिथे अर्ज होतात, त्यांवर युक्तिवाद होतात, आरोपीच्या वकिलाला कागद हवे असतात, सरकारी पक्षाला वेळ हवा असतो, तारीख पडते. ही बातमी येते, आतल्या पानावर चार ओळींत. त्या चार ओळींचा स्क्रीनशॉट कोण काढतं? तो खराच असतो, कुणाच्या सन्मानाला धक्का लावत नाही, कुणाचं आडनाव लागत नाही. पाठवायला कसलीच अडचण नाही. त्याच्यावर दोन बाण आलेले मी अजून पाहिलेले नाहीत.